शेपटीचा प्रश्न

जयपूर फिरून आलेल्या एका वाचकांनी विचारलंय: आमेरच्या किल्ल्यावरच्या काळतोंड्या वानरांची शेपटी पाठीवरून कमान करून डोक्याकडे झुकते, गोव्यातली वानरं ती उलट, मागे वळवतात. मग ही एकच प्रजाती की दोन?

प्रश्न शेपटीचा असला तरी त्याने जीवशास्त्रातल्या जुन्या भांडणाला हात घातला आहे. शाळेत शिकलेली व्याख्या जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायरने 1942 मध्ये पक्की केली. निसर्गात ज्यांचा आपसात संकर होतो आणि इतरांशी होत नाही, त्यांची एक प्रजाती. व्याख्या सुटसुटीत आहे, पण आमेरचा हुप्प्या आयुष्यात कधी गोव्याला जात नाही. जे भेटतच नाहीत त्यांचा संकर होईल की नाही, हे ठरवायचं कसं? पिंजऱ्यात एकत्र ठेवून काही सिद्ध होत नाही, कारण तिथे सिंह-वाघाचीही पिल्लं होतात. उलट दक्षिणेत हनुमान लंगूर, म्हणजे हीच काळतोंडी वानरं, आणि नीलगिरी लंगूर यांचे संकर जंगलातच आढळले आहेत, तरी त्यांना कुणी एक मानत नाही. मायरची कसोटी इथे दोन्ही बाजूंनी अडते.

मग दुसऱ्या कसोट्या आल्या. आज प्रजातीच्या वीसहून अधिक व्याख्या पुस्तकांत सापडतात. त्यांपैकी एक म्हणते, ज्या गटाला ठरावीक लक्षणांनी नेमकं वेगळं ओळखता येतं, ती प्रजाती. संकराची अट नको. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातली सगळी हनुमान वानरं एकाच प्रजातीत आणि तिच्या डझनाहून अधिक उपप्रजातींत बसवलेली होती. कॉलिन ग्रोव्ह्ज या मानववंशशास्त्रज्ञाने 2001 मध्ये ही नवी फूटपट्टी लावली आणि एकाच्या सात प्रजाती केल्या. जंगलात एकही नवं वानर जन्मलं नव्हतं. ‘नवी प्रजाती सापडली’ असा मथळा दिसला की मी म्हणूनच आधी बघतो, प्राणी सापडलाय की नुसती व्याख्या बदललीय.

त्या सातांची नावं मात्र वाचण्यासारखी आहेत. आपण ज्यांना मारुतीचे वंशज म्हणून केळी देतो, त्यांतल्या काहींना युरोपीय शास्त्रज्ञांनी ट्रॉयच्या युद्धाच्या गोतावळ्यात बसवलं. 1797 मध्ये बंगालच्या वानराला ‘एन्टेलस’ हे नाव मिळालं. व्हर्जिलच्या महाकाव्यातला हा म्हातारा मुष्टियोद्धा. कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लाइथने 1844 मध्ये दक्षिणेतल्या वानराला ‘प्रायम’ केलं, आणि ब्रिटिश म्युझियमच्या पोकॉकने 1928 मध्ये हिमालयातल्या वानरांना ‘एजॅक्स’ आणि ‘हेक्टर’. एका युद्धाची वानरसेना दुसऱ्याच युद्धात भरती झाली! जयपूरचं वानर या यादीत एन्टेलस आहे.

आता शेपटीकडे येऊ. तिच्याकडे सगळ्यात बारकाईने पाहणारा माणूस राजस्थानचाच, जोधपूरला जन्मलेले मिठनलाल रूनवाल. टोळधाडीचे जाणकार, पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक. वानरांचे अभ्यासक मोहनोत यांच्याबरोबर 1977 मध्ये त्यांनी दक्षिण आशियातल्या माकड-वानरांवर ग्रंथ लिहिला आणि मग, निवृत्तीच्या वयात, देशभरची वानरं शेपटी कशी धरतात याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांना दिसलं ते असं: उत्तरेतली वानरं शेपटी पुढे झुकवतात, दक्षिणेतली मागे, आणि ढोबळ सीमा तापी-गोदावरीच्या आसपास. म्हणजे ही रेघ महाराष्ट्रातून जाते! रूनवालांनी यावरून नव्या प्रजातींचा डंका पिटला नाही. त्यांच्या लेखी हे एकाच प्रजातीतले भेद होते. प्रजातीच्या चर्चेत मायर आणि ग्रोव्ह्ज सारखे भेटतात, रूनवाल क्वचितच. मला हे खटकतं, कारण पुढच्या संशोधकांना जंगलात उभं राहून वापरता येईल असं लक्षण यांनी दिलं.

ते वापरलं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए तपासला, तेव्हा दक्षिणेतली काही हनुमान वानरं उत्तरेतल्या भावंडांपेक्षा नीलगिरी लंगुरांच्या जवळची निघाली. मग 2011 मध्ये द्वीपकल्पातल्या वानरांचा रंग, शेपटी आणि वावर एकत्र पाहिला गेला. ग्रोव्ह्जच्या यादीतली एक प्रजाती गळाली, पण पश्चिम घाटातली ‘हायपोल्यूकॉस’ एन्टेलसपासून वेगळी टिकली. तेव्हा वाचकांना आजचं उत्तर: दोन प्रजाती. फक्त शेपटीच्या जोरावर नव्हे. शेपटी, रंग, अधिवास आणि डीएनए एकाच बाजूला बोट दाखवतात म्हणून. माझ्या मते व्याख्यांच्या वादातून निघणारा सगळ्यात शहाणा मार्ग हाच, कारण तो एका फूटपट्टीवर विसंबत नाही.

आणि तो दोन्हीकडे चालतो. याच पद्धतीने 2021 मध्ये हिमालयातली वानरं तपासली, तर एजॅक्स आणि हेक्टर वेगळे उरले नाहीत. दोघेही ग्रोव्ह्जच्या यादीतल्याच ‘शिस्टेशियस’ या एकाच प्रजातीत सामावले. हा बदल कागदापुरता राहत नाही. एजॅक्स, म्हणजे चंबा-काश्मीरकडचं वानर, जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेलं होतं. मोठ्या प्रजातीत विरघळल्यावर त्याचं संकट कुठल्या नावाखाली मोजायचं, हा प्रश्न आता संवर्धनवाल्यांपुढे आहे.