जिंकलो, तरी चर्चा संपेना!

19 जानेवारी 2025. दिल्लीत आपल्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात नेपाळवर 78-40 अशी मात. कर्णधार कोण, तर आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे! दुसऱ्या दिवशी आमच्या बोईसरच्या बचत गटात हप्त्याची वही तशीच मिटलेली राहिली.

"आक्रमणानंच जिंकलं," शेजारच्या काकू म्हणाल्या. खरंच होतं ते. पहिल्याच टर्नमध्ये 34-0! एक गडी टिपला की दोन गुण, म्हणजे सतरा गडी. तिसऱ्या टर्नमध्ये आणखी 38.

"मग नेपाळला 40 कसे मिळाले? संरक्षण ढिलंच," एकीनं टोकलं.

एरवी सभेत तोंड न उघडणाऱ्या एक वहिनी तेव्हा बोलल्या. "शेवटी चैत्राची तुकडी पाच मिनिटांच्या वर टिकली, ते विसरलात? आणि आक्रमण म्हणजे नुसतं पळणं नव्हे हो. खो वेळेवर मिळायला हवा. जरा उशीर झाला, की गडी निसटलाच!"

आम्ही बघतच राहिलो. वहिनी शाळेत खेळायच्या म्हणे. नववीत घरच्यांनी "आता पुरे" म्हटलं. सासरी तर कुणाला ठाऊकही नाही.

त्यांची लेक आता आठवीत आहे. तीही खेळते, आणि घरात हल्ली तेच "आता पुरे" सुरू झालंय.

काकूंनी चष्मा काढला. "पोरीचा सराव किती वाजता सुटतो गं? अंधार पडतो म्हणूनच ना? मी जाईन तिला आणायला."