शेगडीचीही परीक्षा घ्या!

मैत्रिणींनो, मुलांच्या परीक्षा आपण नेहमीच घेतो. पण भट्टीची परीक्षा कधी घेतली आहे का? मी घेतली, त्याचीच ही हकिगत.

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेने नव्या इमारतीसाठी हरित इमारतीचं प्रमाणपत्र घ्यायचं ठरवलं. ‘गृहा’सारख्या पद्धतीत वीज, पाणी, कचरा यांचा हिशेब पाहून इमारतीला तारे देतात. सल्लागारांनी कॅन्टीनमधल्या उपकरणांचीही यादी मागितली. कॅन्टीन बचत गटातल्या पाच बायका चालवतात. त्यांतल्या एक काकू घाबऱ्याघुबऱ्या आल्या. “बाई, भट्टी बदला म्हणतात. आम्ही कर्ज कुठून काढायचं? नाहीतर काम दुसऱ्याला देतील!”

म्हटलं, “काकू, आधी मोजू तरी या.”

वाण्याकडून वजनकाटा आणला. गॅसचं सिलिंडर आधी आणि नंतर तोलून २० लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापवलं. उष्णता जराही वाया गेली नाही, तर याला सुमारे १३० ग्रॅम गॅस लागतो. आमचा गेला ३२० ग्रॅम! निम्म्याहून जास्त गॅसने नुसती हवा तापवली होती.

कारणं अगदी साधी निघाली. बर्नरची भोकं बुजलेली, ज्योत पिवळी, पातेलं अरुंद, झाकणाचा पत्ता नाही. बर्नर साफ केला, रुंद बुडाचं पातेलं घेतलं, वर झाकण ठेवलं. दुसऱ्या खेपेला २३० ग्रॅम. आणि भट्टी तीच!

जुना फ्रीझर मात्र नापास झाला. मीटर लावून पाहिलं, तर २४ तासांत ९ युनिट. आत निम्मी जागा रिकामी. गटाने साठवलेल्या पैशांतून लहान फ्रीझर घेतला. असं काही घेताना नुसते तारे मोजू नका बरं का! ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात. म्हणून लेबलवरचं वर्ष आणि वर्षाला लागणारे युनिट वाचा. मोठ्या पाच ताऱ्यांच्या फ्रीजला लहान तीन ताऱ्यांच्या फ्रीजपेक्षा जास्त वीज लागू शकते.

हे सगळे आकडे आम्ही यादीला जोडले. भट्टी राहिली आणि काकूंचं कामही राहिलं. आता दर शनिवारी बर्नर घासल्याशिवाय त्या घरी जात नाहीत.

तुम्हीही आजपासून एवढंच करा: नवं सिलिंडर लावलं की कॅलेंडरवर तारीख लिहा. आपली शेगडी पास की नापास, ते तुमचं तुम्हालाच कळेल!