ज्याचा त्याचा कान
सत्तरच्या दशकातल्या गाण्यांचा आणि ती ऐकणाऱ्यांचा आढावा

सत्तरच्या दशकातल्या गाण्यांचा विषय निघाला की आज बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं राहुल देव बर्मन ऊर्फ पंचमचं. जुन्या गाण्यांचे कार्यक्रम असोत की तरुण वादकांच्या मैफली, ते दशक पंचमचं होतं हे आता जवळपास सर्वमान्य झालं आहे. पण त्या काळच्या श्रोत्यांनी दिलेला कौल पाहिला तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

अमीन सयानींच्या रेडिओ सिलोनवरच्या ‘बिनाका गीतमाला’त वर्षाअखेरीस अव्वल ठरलेल्या गाण्यांचे चित्रपट असे: १९७० ‘दो रास्ते’, १९७१ ‘अंदाज़’, १९७२ ‘हरे रामा हरे कृष्णा’, १९७३ ‘ज़ंजीर’, १९७४ ‘कोरा काग़ज़’, १९७५ ‘रोटी कपडा और मकान’, १९७६ ‘कभी कभी’, १९७७ ‘लैला मजनू’, १९७८ ‘अखियों के झरोखों से’ आणि १९७९ ‘डॉन’. या दहांत कल्याणजी-आनंदजी तीनदा आहेत, लक्ष्मीकांत-प्यारेलाल दोनदा. शंकर-जयकिशन, पंचम, खय्याम, मदनमोहन आणि रवींद्र जैन प्रत्येकी एकदा. गाण्यांचे स्वभावही एकमेकांशी जुळत नाहीत. एकात हिप्पींची धुंदी, एकात पठाणाची दोस्ती, एकात महागाईने पिचलेल्यांचं गाऱ्हाणं, तर एकात साहिरची नज्म.

एकाच देशाने ओळीने दहा वर्षं इतक्या निरनिराळ्या गाण्यांना डोक्यावर घ्यावं, यातच या दशकाची ओळख आहे असं मला वाटतं. गाणं ऐकताना कुणाचं लक्ष आवाजाकडे असतं, कुणाचं ठेक्याकडे, कुणाचं शब्दांकडे. आणि कुणाला गाणं हवं असतं ते चारचौघांत मिळून म्हणायला. आवडीनिवडीची भांडणं इथून सुरू होतात. म्हणून हा आढावा संगीतकारांच्या क्रमाने न घेता ऐकणाऱ्यांच्या कानांनी घ्यायचं ठरवलं.

घरात एक रेडिओ

तेव्हा गाणं निवडण्याची सोय फार थोड्यांकडे होती. घरात रेडिओ एकच. सकाळी आकाशवाणीची भक्तिगीतं, दुपारी ‘आपली आवड’, रात्री विविध भारती आणि बुधवारी रात्री सिलोन. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि ‘छायागीत’च्या वेळी शेजारपाजारची मंडळी टीव्ही असलेल्या घरात जमू लागली. बाहेर इराण्याच्या हॉटेलात ज्यूकबॉक्स, गणपतीत आणि लग्नाच्या मांडवात कर्णा.

याचा एक परिणाम फारसा कुणी लक्षात घेत नाही. न आवडणारं गाणंही सगळ्यांना पाठ असायचं. वडिलांच्या नाट्यगीतांमधल्या जागा मुलाला माहीत होत्या आणि मुलाच्या ‘यादों की बारात’मधली गिटार वडिलांच्या कानावरून जातच होती. समोरच्याची बाजू पूर्ण ऐकलेली असायची, त्यामुळे त्या वादांना वजन होतं.

आवाजाचा कान

सगळ्यांत गाजलेला वाद रफी आणि किशोरचा. १९६९च्या ‘आराधना’ने तो पेटवला. सचिनदेव बर्मनच्या त्या चित्रपटात दोघांचेही आवाज आहेत, पण राजेश खन्नाशी नाव जोडलं गेलं ते किशोरचं. त्यानंतरची काही वर्षं रफीच्या चाहत्यांना फार जड गेली. रफीचा आवाज प्रत्येक नटागणिक बदलतो, भजन आणि गझल दोन्ही पेलतो, ही त्यांची बाजू. किशोरच्या चाहत्यांचं म्हणणं असं की तो गातो तेव्हा गाणं शिकवलेलं वाटत नाही, मनात आलं आणि ओठांवर आलं असं वाटतं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, कारण एकाला आवाजातली तयारी हवी आहे आणि दुसऱ्याला आवाजातला माणूस.

मे १९७६मध्ये, आणीबाणीत, किशोरची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली. हवेवरून आवाज काढून टाकला म्हणून आवड पुसली जात नाही, हे तेव्हा दिसलं. पुढच्याच वर्षी ‘हम किसीसे कम नहीं’साठी रफीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो चित्रपट होता पंचमचा, ज्याला किशोरच्या गोटातला मानत. त्याच १९७७मध्ये ‘अमर अकबर अँथनी’च्या एका गाण्यात लता, रफी, किशोर आणि मुकेश एकत्र ऐकू आले. मुकेशचं त्याआधीच, ऑगस्ट १९७६मध्ये, डेट्रॉइटला निधन झालं होतं. श्रोत्यांनी पाडलेले गट ध्वनिमुद्रणाच्या खोलीत असे सहज मिसळत होते.

ठेक्याचा कान

ज्यांचा कान आधी तालाकडे जातो, त्यांना या दशकाने भरभरून दिलं. पंचमच्या ताफ्यात मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, भूपिंदरची गिटार, केरसी लॉर्डची नवनवी वाद्यं आणि तालाची बाजू सांभाळणारे मारुतीराव कीर होते. पंचमचं गाणं आवडतं असं म्हणणारा श्रोता खरं तर या सगळ्यांना दाद देत असतो. तरीही १९७० ते १९७९ या वर्षांत पंचमला एकही फिल्मफेअर मिळालं नाही. पहिलं मिळालं ते १९८२च्या ‘सनम तेरी कसम’साठी.

उलट लक्ष्मीकांत-प्यारेलालना ‘अमर अकबर अँथनी’, ‘सत्यम शिवम सुंदरम’, ‘सरगम’ आणि ‘कर्ज़’ यांसाठी लागोपाठ चार वर्षं हा पुरस्कार मिळाला. त्यांच्या ढोलकचा चाहता वेगळा. त्याला खणखणीत मुखडा हवा, मागे व्हायोलिनचा मोठा ताफा हवा, आणि गाणं संपल्यावर ते गुणगुणता यायला हवं. प्यारेलाल व्हायोलिन शिकले गोव्याच्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे, आणि ‘अमर अकबर अँथनी’मधल्या नायकाला गाण्यात मिळालेलं ते नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेलं वंदन. शंकर-जयकिशनच्या भरदार वाद्यमेळामागेही सेबास्टियन डिसूझा हे गोव्याचेच संयोजक होते. पंचमच्या आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालच्या चाहत्यांनी कितीही हुज्जत घातली, तरी चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईला आलेल्या गोवेकर वादकांचं ऋण दोघांवरही आहे.

शब्दांचा कान

शब्दांवर जीव असलेल्या श्रोत्याला हे दशक गोंगाटाचं वाटलं, अशी तक्रार आजही ऐकू येते. ती मला पटत नाही. ‘आंधी’ १९७५चा आहे. गुलज़ारच्या मुक्तछंदी ओळींना पंचमने तिथे चाल दिली, आणि ठेक्याचा बादशहा म्हणून त्याला बाजूला ठेवणाऱ्यांना उत्तर दिलं. ‘कभी कभी’ने खय्यामना पुन्हा घराघरांत नेलं. माझा स्वतःचा कौल जयदेवना आहे. ‘घरौंदा’ आणि ‘गमन’ या दोन चित्रपटांत त्यांनी मुंबईत हरवलेल्या माणसाला सूर दिला. ‘गमन’साठी शहरयारच्या गझलेला सुरेश वाडकरांसारखा ताज्या दमाचा मराठी आवाज त्यांनी निवडला. त्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण लोकप्रियतेच्या यादीत ते वर कुठे दिसत नाही.

मराठीत तर शब्दांच्या श्रोत्याची चंगळ होती. हृदयनाथ मंगेशकर आरती प्रभूंच्या आणि सुरेश भटांच्या कवितांना अवघड वळणांच्या चाली लावत होते. श्रीनिवास खळे अभंगांना आणि भावगीतांना सरळ वाटणाऱ्या पण गाताना घाम काढणाऱ्या चाली देत होते. १९७४मध्ये, शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा ‘शिवकल्याण राजा’ आलं, १९७७मध्ये ना. धों. महानोरांच्या गीतांचा ‘जैत रे जैत’. खळ्यांचा भक्त आणि हृदयनाथांचा भक्त यांच्यातला वाद रफी-किशोरइतका गाजला नसेल, पण दादर-पुण्याच्या घरांत तो तितक्याच हिरिरीने चालायचा. साधेपणात खोली शोधणारा एक, आणि अनपेक्षित स्वरावर जीव टाकणारा दुसरा.

चारचौघांचा कान

चौथ्या कानाकडे आढावे लिहिणाऱ्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. ‘शोले’च्या वर्षीच ‘जय संतोषी माँ’ आला आणि उषा मंगेशकरांच्या आवाजातली त्यातली आरती थेट देवघरात पोचली. बायकांनी ती गाणी व्रताचा भाग म्हणून स्वीकारली. चालीचा कस लावायला कुणी थांबलं नाही. १९७२च्या ‘पिंजरा’त जगदीश खेबुडकरांची गीतं आणि राम कदमांचं संगीत होतं, आणि त्याने लावणी शहरी मध्यमवर्गाच्या बैठकीत आणून बसवली. पण १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून सुरू झालेली दादा कोंडक्यांची गाणी त्याच घरांत मोठ्यांसमोर म्हणायची चोरी होती. गिरणगावात आणि जत्रेतल्या तंबूत मात्र तीच गाणी लोक उघड्या गळ्याने म्हणत. ढोलकी दोन्हीकडे, ‘पिंजरा’ आणि ‘सोंगाड्या’चा संगीतकारही एकच, पण प्रतिष्ठा एकाच गाण्याला.

प्रल्हाद शिंद्यांचा आवाज विठ्ठलासाठी लागला, गणपतीसाठी लागला, आणि भीमगीतांत तो एका समाजाच्या स्वाभिमानाचा आवाज झाला. सिन्नर तालुक्यातल्या वामनदादा कर्डकांची गीतं वस्त्यावस्त्यांतून रात्र रात्र गायली जात होती. तिकडे गोव्याच्या आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत ख्रिस पेरींचा बँड आणि लॉर्नाचा कोकणी आवाज लग्नाच्या मांडवापासून दर्यावर्दी आप्तांच्या निरोपापर्यंत साथ देत होता. या गाण्यांना गीतमालेत जागा नव्हती, कारण तिथला हिशेब हिंदी रेकॉर्डच्या विक्रीचा आणि श्रोतासंघांच्या पत्रांचा होता. या श्रोत्यांची संख्या मात्र थोडी नव्हती.

कौल बदलतो तेव्हा

पंचमचं आजचं स्थान मला हिरावून घ्यायचं नाही. ज्या पिढीने त्याला नंतर शोधलं, तिने वाद्यांचे थर वेगळे करून ऐकायला शिकवलं आणि ते मोलाचं काम आहे. पण नंतरच्या पिढीचा कान दशकावर लादला की कल्याणजी-आनंदजींचे तीन अव्वल क्रमांक पुसले जातात, ‘जय संतोषी माँ’ ऐकणाऱ्या बायका पुसल्या जातात, प्रल्हाद शिंदेही पुसले जातात. मग उरतं ते सोयीस्कर दशक, ज्यात फक्त आपल्याला आवडणारे लोक राहतात.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. ज्यांनी ती वर्षं ऐकली, ते आज साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांना ‘आवडता संगीतकार कोण’ हे विचारू नये. काय ऐकत होता, कुठे, कुणाबरोबर आणि घरात कुणाचा विरोध होता, हे विचारून लिहून ठेवावं. रेकॉर्डचा खप कुठे ना कुठे सापडतो. सांगलीच्या वाड्यात, नागपूरच्या वस्तीत किंवा मडगावच्या घरात एखादं गाणं का लागलं आणि का बंद केलं गेलं, हे मात्र फक्त त्या माणसांनाच सांगता येईल. त्या दशकाचा खरा इतिहास या मतभेदांत आहे आणि तो अजून लिहायचा राहिला आहे.