फिल्मवर राहिलेली लुसी

‘आय लव्ह लुसी’ या अमेरिकन विनोदी मालिकेचा दुसरा सीझन २००४ साली डीव्हीडीवर आला. भाग १९५२-५३चे, कृष्णधवल. तरीही चॉकलेटच्या कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरची गोळीन् गोळी मोजून घ्यावी इतकं चित्र स्वच्छ दिसतं. त्या काळातल्या टीव्हीच्या मानाने ही चैनच म्हणायची, आणि तिच्या मुळाशी आहे घर हलवण्यावरून झालेला एक वाद.

तेव्हाचे बहुतेक मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. लांबच्या शहरांसाठी टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून प्रत काढायची, तिचं नाव किनेस्कोप. ही प्रत धूसर यायची. लुसीची भूमिका करणारी लुसिल बॉल आणि पडद्यावर लुसीचा नवरा रिकी झालेला तिचा खरा नवरा डेसी आर्नाझ यांना मात्र हॉलिवूड सोडायचं नव्हतं. तिथे राहून फिल्मवर चित्रीकरण करायचं तर खर्च वाढणार, आणि तो सोसायला सीबीएस वाहिनी किंवा प्रायोजक सिगारेट कंपनी फिलिप मॉरिस राजी नव्हती. शेवटी जोडप्याने मानधनात आठवड्याला हजार डॉलर कमी घेतले आणि बदल्यात भागांची मालकी मागितली. सीबीएसने ती देऊन टाकली! एकदा पाहिलेलं पुन्हा कोण पाहणार, असाच हिशेब असावा. पुढे तेच भाग सीबीएसला लाखो डॉलर मोजून विकत घ्यावे लागले.

कॅमेऱ्यांची जबाबदारी होती ‘मेट्रोपोलिस’ या चित्रपटाचा छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड याच्याकडे. समोर खरे प्रेक्षक, ३५ मिमीचे तीन कॅमेरे एकाच वेळी चालू. दर कोनाला दिवे हलवायची सोय नाही, म्हणून त्याने प्रकाश वरून आणि सगळीकडे सारखा पाडला. विनोदी मालिकांनी ही पद्धत पुढे कित्येक वर्षं सोडली नाही.

चॉकलेटचा भाग १५ सप्टेंबर १९५२चा, सीझनमधला पहिला. पण या सीझनचा जीव आहे लुसीच्या बाळंतपणात. लुसिलला खरोखरच दिवस गेले होते. पोट लपवायचं की दाखवायचं यावर बरीच ओढाताण झाली. डेसीने प्रायोजक कंपनीच्या अध्यक्षांनाच पत्र लिहिलं, तेव्हा विरोध मावळला. तरी ‘प्रेग्नंट’ हा शब्द उच्चारायची बंदी राहिली, आणि संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक आणि एक ज्यू रब्बाय यांच्या नजरेखालून गेल्या. एवढ्या सोवळ्यात लिहिलेले हे भाग आजही निखळ हसवतात, हे लेखकांचं श्रेय. नवऱ्याला बातमी कळते त्या प्रसंगात डेसीच्या डोळ्यांत आलेलं पाणी खरं आहे.

१९ जानेवारी १९५३ला पडद्यावर मुलगा झाला. त्याच दिवशी लुसिललाही सिझेरियनने मुलगाच झाला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीला २ कोटी ९० लाख प्रेक्षक मिळाले.

मालिकेची ओळख बनलेलं साटीनवरचं हृदय मूळ प्रक्षेपणात नव्हतंच. तिथे रेघांनी काढलेले लुसी आणि रिकी सिगारेटच्या पाकिटाशी खेळत. हृदय पुनःप्रक्षेपणासाठी नंतर चिकटवलं. २०१५मध्ये हा सीझन ब्लू-रेवरही आला. दोन्ही संच समोर असतील तर ब्लू-रेच घ्या, आणि सुरुवात बाळाच्या भागांपासून करा. चॉकलेटचा भाग तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असेलच.