खिडकीतला समुद्र आणि शेजाऱ्याचे झाड

घर विकत घेणारा मनुष्य जमिनीचे पैसे मोजतो, बांधकामाचे मोजतो, आणि दिवाणखान्याच्या खिडकीतून समुद्र दिसत असेल तर त्या समुद्राचेही मोजतो. हा शेवटचा आकडा लहान नसतो. मुंबईची मलबार हिल असो की सिडनीच्या बंदराभोवतीच्या टेकड्या असोत, एकाच इमारतीतील दोन सारख्या जागांच्या किमतींत केवळ तोंड कोणत्या दिशेला आहे एवढ्यावरून मोठी तफावत पडते. खरेदीखतात मात्र समुद्राचा उल्लेख नसतो. विकणाऱ्याने जे विकले ते त्याच्या मालकीचे नव्हतेच. मधल्या जमिनीवर तोवर कोणी उंच काही उभे केले नव्हते, या योगायोगाचे पैसे घेऊन तो निघून गेला. पुढे दहाबारा वर्षांत खालच्या बंगल्याच्या कुंपणावरील झाडे वाढू लागतात. पाण्याचा निळा पट्टा आधी बारीक होतो, मग पानांतून लुकलुकतो आणि अखेर नाहीसा होतो. नुकसान झाले हे खरेच. परंतु ज्याने पैसे घेतले तो या भांडणात कोठेच नाही, आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याने कपर्दिकही घेतलेली नाही.

शेजाऱ्याच्या बागेने दृश्य अडविल्याचे तंटे इंग्लंडमध्ये, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि ऑस्ट्रेलियात इतके झाले आहेत की, त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदे करावे लागले. सुखवस्तू लोकांच्या कुरबुरी म्हणून त्यांची वासलात लावण्याचा मोह आपल्याकडे होणे स्वाभाविक आहे. ज्या शहरांत डोक्यावर छप्पर मिळण्याची मारामार, तेथे खिडकीतील देखाव्याची काय कथा! तथापि या भांडणांच्या मुळाशी असलेला प्रश्न श्रीमंतांपुरता नाही. एकाने स्वतःच्या जमिनीत, कायद्याच्या चौकटीत राहून केलेल्या कृतीने दुसऱ्याचे खरोखरीचे नुकसान होते, तेव्हा त्याची भरपाई कोणी करावयाची, असा तो प्रश्न आहे.

इंग्रजी कायद्याने याचे उत्तर फार पूर्वी देऊन टाकले. १६१० साली नॉरफोक परगण्यातील ऑल्ड्रेड नावाच्या गृहस्थाने, शेजाऱ्याने आपल्या घराला लागून डुकरे ठेवल्याने दुर्गंधी सुटली, म्हणून फिर्याद केली. दुर्गंधीबद्दल त्याला दाद मिळाली. परंतु त्या निकालाच्या ओघात न्यायाधीशांनी एक भेद स्पष्ट केला: स्वच्छ हवा आणि उजेड या गरजा आहेत, त्या अडविल्यास दाद मागता येईल, दूरवरचे दृश्य ही केवळ आनंदाची बाब असून ते अडविल्याबद्दल दावा चालणार नाही. हा भेद चारशे वर्षे टिकला आहे. लंडनमधील कॅनरी वॉर्फच्या गगनचुंबी इमारतीने दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण अडते, अशी तक्रार घेऊन शेकडो रहिवासी न्यायालयात गेले, तेव्हा १९९७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच परंपरेचा आधार घेऊन त्यांचा हक्क नाकारला. आपला १८८२ चा सुविधाधिकार कायदाही याच वळणाचा आहे. वीस वर्षे अखंड आणि निर्वेध उपभोग घेतल्यास इमारतीला उजेड आणि वारा यांचा हक्क वहिवाटीने मिळतो. मोकळ्या जागेला तोही नाही. समुद्र, डोंगर, देवळाचा कळस यांचे नाव त्यात नाही.

यामागील युक्तिवाद तकलादू नव्हे. खिडकीतून येणारा उजेड मोजता येतो, दृश्याला सीमा नसते. टेकडीवरच्या प्रत्येकाला क्षितिजापर्यंतचा हक्क दिला, तर खाली कोणालाच काही बांधता अगर लावता येणार नाही. एकाची नजर म्हणजे शंभरांच्या जमिनीवरील बोजा ठरेल.

अर्थशास्त्राने या विचारात भर घातली ती १९६० साली. शिकागो विद्यापीठाच्या एका नियतकालिकात रोनाल्ड कोस यांनी सामाजिक खर्चाच्या प्रश्नावर निबंध लिहिला आणि त्यात १८७९ चा एक जुना इंग्रजी खटला घेतला. लंडनमध्ये एका मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघरातील खलबत्ते कित्येक वर्षे चालू होते. शेजारच्या डॉक्टरने आपल्या बागेच्या टोकाला, त्या भिंतीला लागून, रोगी तपासण्याची खोली बांधली आणि मग त्या आवाजाबद्दल फिर्याद केली. न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. कोस यांचे म्हणणे असे की, येथे एक अपराधी आणि दुसरा पीडित अशी विभागणीच फसवी आहे. डॉक्टर तेथे आला नसता तर उपद्रवही झाला नसता. हानी परस्परांची आहे. एकाला वाचविणे म्हणजे दुसऱ्याला तोशीस देणे. वाटाघाटीला काही खर्च पडत नसेल तर कायद्याने हक्क कोणालाही दिला तरी दोघे आपसांत सौदा करतील, आणि तो हक्क ज्याला अधिक मोलाचा वाटतो त्याच्याकडे जाईल. समुद्र पाहण्याची हौस असलेल्याने खालच्या बंगलेवाल्याला दरसाल काही रक्कम द्यावी आणि झाडे छाटून घ्यावी, इतके ते सोपे.

कागदावर हे बिनतोड आहे. प्रत्यक्षात काय घडते याचा शोध वॉर्ड फार्न्सवर्थ या कायद्याच्या अभ्यासकाने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घेतला. शेजारउपद्रवाचे वीस अमेरिकी खटले निवडून त्यांतील वकिलांना त्याने विचारले की, निकालानंतर पक्षकारांनी काही देवघेव केली काय? एकाही खटल्यात केलेली नव्हती. न्यायालयात समोरासमोर उभे राहिलेले शेजारी पुन्हा बोलणी करीत नाहीत. शिवाय असला हक्क पैशांत मोजणे हेच अनेकांना कमीपणाचे वाटते. ज्याला पाठ्यपुस्तकात व्यवहारखर्च म्हणतात, त्यात अबोल्याचाही समावेश करावा लागेल.

झाडाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती इमारतीच्या बाबतीत येत नाही. इमारत उभी राहण्याआधी नकाशा मंजूर होतो, पाया खणला जातो, हरकत घेण्याला एक दिवस असतो. झाडाच्या अपराधाला दिवस नसतो. रोप लावले त्या दिवशी ते गुडघ्याएवढे होते, आणि त्या वेळी कोणी तक्रार केली असती तर तो हास्यास्पद ठरला असता. पुढे प्रत्येक वर्षीची वाढ ही आधीच्या वर्षापेक्षा थोडीशीच अधिक असते. ज्या दिवशी सहन होईनासे होते त्या दिवशी लावणाऱ्याच्या दृष्टीने ते पंधरा वर्षांचे, कुटुंबातीलच एक झालेले झाड असते. कदाचित ज्याने लावले तो हयातही नसतो.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न विकोपाला नेला तो लेलँडी नावाच्या एका सूचिपर्णी संकराने. त्याचे जनक दोन्ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे. परंतु निसर्गात त्यांची वसतिस्थाने एकमेकांपासून इतकी दूर की त्यांची गाठ पडणे शक्य नव्हते. वेल्समधील लेटन हॉल या वाड्याच्या बागेत दोन्ही जवळजवळ लावली गेली आणि १८८८ साली हा संकर जन्मला. वर्षाला जवळजवळ एक मीटर वाढणारे, बारमाही हिरवे आणि दाट, असे झाड मध्यमवर्गीय इंग्रज कुटुंबाला खासगीपणासाठी हवेच होते. त्यांच्या रांगा उपनगरांतून लागल्या आणि चारपाच वर्षांत भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. भांडणे मारामारीपर्यंत गेली. अखेर २००३ च्या समाजविघातक वर्तनाच्या कायद्यातच उंच कुंपणांसाठी एक भाग घालण्यात आला आणि इंग्लंडमध्ये तो २००५ मध्ये अमलात आला. दोन मीटरपेक्षा उंच, दोन किंवा अधिक सदाहरित झाडांची रांग असेल, तर आधी समेटाचा प्रयत्न करून, शुल्क भरून नगरपालिकेकडे दाद मागता येते. कुंपण दोन मीटरपर्यंत उतरविण्याचा हुकूम होऊ शकतो. त्याखाली नाही, आणि मुळासकट काढण्याचा तर नाहीच. येथेही कायद्याची व्याख्या उजेड आणि वाट यांच्याभोवतीच फिरते. ऑल्ड्रेडचा पगडा एवढा की दृश्य हा शब्द त्या व्याख्येत आलाच नाही.

तो धीटपणे उच्चारला ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने. तेथील शेजाऱ्यांमधील वृक्षतंट्यांचा कायदा २००६ चा आहे आणि २०१० मध्ये त्याला एक भाग जोडून घराला मिळणारा सूर्यप्रकाश आणि घरातून दिसणारे दृश्य या दोन्हींसाठी दाद मागण्याची सोय करण्यात आली. अटी मात्र कडक आहेत. झाडे कुंपण म्हणून मुद्दाम लावलेली हवीत. एकटे झाड अगर आपोआप उगवलेले झाड त्यात येत नाही. उंची निदान अडीच मीटर हवी. अडथळा गंभीर हवा. अर्जदाराने तडजोडीचा प्रामाणिक प्रयत्न केलेला हवा. एवढे सिद्ध झाल्यावरही न्यायालयाने पाहावयाचे ते असे की, घर आधीचे की झाडे आधीची. ही वाढ अर्जदार तेथे राहावयास आल्यानंतरची आहे काय. त्या झाडांमुळे जमीन धरून राहते काय, पाखरांना आसरा मिळतो काय, रस्त्याने जाणाऱ्याला त्यांचा काही लाभ आहे काय. आणि झाडांच्या मालकाचा खासगीपणा त्यांच्यावर किती अवलंबून आहे. सुनावणी बहुधा त्या घरीच होते, म्हणजे न्यायालय अंगणात भरते आणि निर्णय देणारा स्वतः खिडकीशी उभा राहून पाहतो.

दृश्य मोजायचे कसे, याचीही रीत तेथे बसली आहे. बांधकामाच्या एका वादात २००४ साली तेथील जमीन व पर्यावरण न्यायालयाने घालून दिलेले निकष मोठे मनोरंजक आहेत. जमिनीपेक्षा पाण्याचे दृश्य मोलाचे. अर्धवट दिसण्यापेक्षा पूर्ण दिसणे मोलाचे. उभे राहून दिसणाऱ्या दृश्यापेक्षा बसून दिसणारे राखणे अवघड. निजण्याच्या खोलीपेक्षा बैठकीच्या खोलीतील दृश्याला वजन अधिक, आणि स्वयंपाकघरातील दृश्यालाही चांगलेच वजन, कारण तेथे माणसांचा पुष्कळ वेळ जातो. चूल ज्यांनी सांभाळली त्यांच्या नजरेला न्यायालयाने किंमत दिली, हे आपल्या वास्तुरचनाकारांनी टिपून ठेवण्याजोगे आहे.

या पद्धतीचे मर्म वेगळेच आहे. कोस यांच्या सौद्यात दोनच पक्ष होते. येथे तिसरा पक्ष मेजाशी बसविला आहे, आणि झाडाच्या तंट्यात तो वगळणे हीच मोठी चूक होय. सावली, पक्षी, माती आणि पाऊस यांचा लाभ ज्यांना होतो ते सौद्याला हजर नसतात. दोन शेजारी हसतखेळत तडजोड करून जुना वृक्ष पाडतील, आणि नुकसान गल्लीचे होईल. या तिसऱ्या पक्षाची फसवणूक किती सहज होते, हे सिडनीनेच पाहिले आहे. बंदरालगतच्या सार्वजनिक जागेतील झाडे रात्रीतून तोडली गेल्याचे अगर मुळाशी विष घालून मारल्याचे प्रकार तेथे वारंवार घडले. अपराधी सापडणे कठीण. तेव्हा काही नगरपालिकांनी मेलेल्या झाडांच्या जागी प्रचंड फलक उभारले. क्वचित जहाजावरचे लोखंडी कंटेनरही आणून ठेवले. गुन्हेगाराला शिक्षा देता येत नसेल तर निदान गुन्ह्याचा नफा काढून घ्यावा, हे त्यामागील अर्थशास्त्र अचूक आहे, जरी त्याने निरपराध शेजाऱ्याच्याही डोळ्यांसमोर लोखंड आले.

महाराष्ट्रात स्थिती उलटी आहे. येथे १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायद्याने तिसऱ्या पक्षाला आधीच बसविले आहे. स्वतःच्या अंगणातील झाडही परवानगीवाचून पाडता येत नाही; अर्ज आला की वृक्ष अधिकारी पाहणी करतो, वृत्तपत्रात जाहीर सूचना येते आणि खुद्द झाडावर नोटीस चिकटते, जेणेकरून कोणाही नागरिकाला हरकत घेता यावी. हे उत्तमच आहे. परंतु या कायद्याचा रोख वृक्षतोड रोखण्याचा आहे, शेजाऱ्यांमधील हिशेब मिटविण्याचा नाही. सोसायटीच्या कुंपणाला लागून खोट्या अशोकाची रांग लावली जाते ती लेलँडीच्याच कारणांसाठी, आणि पलीकडच्या तळमजल्यावर भर दुपारी दिवा लागतो. त्या तळमजल्यावरील बिऱ्हाडाला दिवाणी दाव्याचा लांबचा मार्ग आहे, अगर रात्री फांदीवर कुऱ्हाड घालण्याचा जवळचा. मधला मार्ग नाही.

या मार्गाची निकड आता दृश्यापेक्षा उन्हामुळे लवकर भासेल. २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसविण्याची योजना जाहीर केली. बंगल्याच्या गच्चीवर निवृत्त शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीतील पैसे घालून पॅनेल बसवावे आणि शेजारचे आंब्याचे कलम आठ वर्षांनी त्यावर सावली धरावे, हे दृश्य दुर्मीळ राहणार नाही. कॅलिफोर्नियाने यासाठी १९७८ सालीच कायदा केला होता. सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात पॅनेलच्या दहा टक्क्यांहून अधिक भागावर शेजाऱ्याच्या झाडाची सावली पडता कामा नये, असा तो दंडक. त्याखाली सनीवेल गावातील एका दांपत्यावर रेडवुड वृक्षांपायी खटला झाला. झाडे पॅनेलच्या आधी लावलेली होती. सावली मात्र नंतर लांबली. लोकक्षोभ उसळला आणि २००८ मध्ये कायदा दुरुस्त करून, पॅनेलच्या आधी लावलेल्या झाडांना त्यातून वगळण्यात आले.

म्हणजे सारा वाद अखेर तारखेवर येऊन ठेपतो. पॅनेल बसविल्याची तारीख वीज कंपनीच्या कागदावर असते. कलम लावल्याची तारीख कोणाच्याच कागदावर नसते. १९७५ च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणावर दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याची जबाबदारी टाकलेली आहे. ती गणना वेळच्या वेळी झाली, तिच्यात कुंपणालगतच्या झाडांची उंची नोंदली गेली आणि तो उतारा कोणाही नागरिकाला नाममात्र शुल्कात मिळू लागला, तर शेजाऱ्यांना भांडणाआधी निदान एक कागद समोर ठेवून बोलता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. लागते ती गणना करणाऱ्या कारकुनाच्या तक्त्यात आणखी एका रकान्याची सोय.