दाखला का निघेना?

प्रवेशाचे दिवस होते. कार्यालयाच्या खिडकीशी पालकांची रांग लागलेली. त्यात एका वडिलांची बदली झालेली, संध्याकाळच्या गाडीचे तिकीट खिशात आणि मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मात्र हातात नाही. कार्यालयातला प्रोग्रॅम उघडला की पडद्यावर एकच इंग्रजी ओळ यायची. सर्व्हरशी संपर्क होत नाही, क्रमांक २००३, आणि कंसात १००६१. लिपिक ताईंनी संगणक तीनदा बंद करून चालू केला. तिन्ही वेळा तेच. मग मला वर्गातून बोलावणे आले.

त्या दिवशी नक्की काय झाले, असे नंतर बऱ्याच पालकांनी विचारले, म्हणून हे जरा विस्ताराने लिहीत आहे.

शाळेच्या सगळ्या नोंदी कार्यालयातल्या संगणकात असतात अशी पुष्कळांची समजूत आहे. तसे नाही. जनरल रजिस्टर, फी, निकाल हे सारे वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरवर, मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये असते. कार्यालयातला प्रोग्रॅम केबलमधून तिकडे निरोप पाठवतो आणि उत्तर आणतो. त्यासाठी त्याला सर्व्हरचा पत्ता माहीत असावा लागतो. आपल्याकडे तो १९२.१६८.१.१० असा आहे. मग पोर्ट, म्हणजे त्या घराचा कितवा दरवाजा ठोठवायचा ते. मायएसक्यूएलचा नेहमीचा दरवाजा ३३०६. शेवटी नाव आणि पासवर्ड, म्हणजे किल्ली.

संपर्क कुठे अडला हे बहुधा तो संदेशच सांगतो; आपण तो न वाचता बंद करतो, ही खरी अडचण. १०४५ आला तर किल्ली चुकली. तो आला तर मी खूश होतो, कारण निरोप सर्व्हरपर्यंत पोचलेला असतो. ११३० म्हणजे सर्व्हर सांगतो की या संगणकाला इथे परवानगी नाही. २००३ मात्र म्हणतो की पोचलोच नाही. विंडोजवर त्यापुढच्या कंसातला आकडा फार कामाचा. १००६० म्हणजे हाक मारली, वाट पाहिली, पण कोणी ओ दिली नाही. यंत्र बंद असेल, केबल निघाली असेल किंवा फायरवॉलने हाक गिळली असेल. १००६१ चे तसे नाही. तिथे सहसा समोरचे यंत्र जागे असते आणि ‘या दरवाजाशी कोणी नाही’ असे स्पष्ट सांगते.

म्हणजे सर्व्हरवरचा डेटाबेस बंद पडला असणार, असे समजून मी जिना चढलो. तिथे सर्व सुरळीत! तोच प्रोग्रॅम सर्व्हरवर झटकन उघडला. पण यात एक मेख आहे. तिथे बसून उघडलेला प्रोग्रॅम १२७.०.०.१ हा पत्ता वापरतो. त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. केबलशी त्याचा संबंधच येत नाही. खाली येऊन सर्व्हरच्या पत्त्याला पिंग केले, तर उत्तर आले. इथे माझा अर्धा तास गेला.

दरम्यान फोनवरून दोन सल्ले मिळाले. एक, फायरवॉल सरळ बंद करा. हे मी कधीच करत नाही. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाचा अवघ्या ३७६ बाइटांचा किडा डेटाबेसच्या अशाच एका उघड्या दरवाजातून शिरला आणि दहा मिनिटांत जगभर पसरला. त्यावरची दुरुस्ती सहा महिने आधीच उपलब्ध होती, हे विशेष. गरज पडली तर हवा तो एकच दरवाजा, हव्या त्या संगणकांपुरता उघडावा. दुसरा सल्ला, सर्व्हरवर सगळे नव्याने बसवा. त्यात असलेल्या नोंदीच पुसल्या जाण्याची भीती, आणि सांगायला संकोच वाटतो, पण आमच्याजवळची शेवटची प्रत सात आठवड्यांपूर्वीची होती. म्हणजे नवे प्रवेश त्यात नव्हतेच. सगळे सोडून आधी नवी प्रत काढली.

एवढ्यात संगणक कक्षात बसलेल्या नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, पण उत्तर देतोय तो सर्व्हरच कशावरून?”

तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. पडद्यावर आला तो त्याच आठवड्यात घेतलेल्या नव्या प्रिंटरचा तक्ता. टोनर किती, कागद किती!

रात्री वीज गेली होती. आपला राउटर वीज गेली की पत्त्यांची जुनी वाटणी विसरतो आणि जो आधी जागा होईल त्याला मोकळा पत्ता देतो. प्रिंटर आधी उठला, त्याने १० घेतला. सर्व्हरच्या वाट्याला १४ आला. बिचारा प्रोग्रॅम जुन्या घरी जाऊन प्रिंटरकडे रजिस्टर मागत होता.

आता राउटर ५० च्या पुढचेच पत्ते वाटतो आणि १० हा सर्व्हरला कायमचा दिला आहे. प्रोग्रॅमला हातही लावावा लागला नाही. दाखला चारच्या सुमारास निघाला, त्याच प्रिंटरवर.

विश्वस्त मंडळाकडे राउटरसाठी एक लहान यूपीएस आणि शाळेच्या इमारतीबाहेर ठेवता येईल अशी एक हार्ड डिस्क मागितली आहे. नोंदींची प्रत आता दर शनिवारी निघते. पत्त्यांची यादी सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर लावली आहे. नवे यंत्र जोडणाऱ्याने ती आधी पाहावी.