वाचले म्हणजे आले?

परीक्षेला आठवडा आहे. तुम्ही धडा दोन-तीनदा वाचून काढता. ओळ न् ओळ ओळखीची वाटू लागते. ‘आता सगळे येते’ असे म्हणून तुम्ही पुस्तक मिटता. आणि परीक्षेत नेमके उत्तर आठवत नाही! आपण स्मरणशक्तीला बोल लावतो. पण दोष खरोखर तिचाच असतो का?

आपण कसे पाहतो, लक्षात ठेवतो, आठवतो, विचार करतो याचा प्रयोगांनी शोध घेणाऱ्या शास्त्रशाखेला बोधनिक मानसशास्त्र म्हणतात. मन काही उघडून पाहता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ माणसांना एखादे काम देतात आणि त्यांच्या उत्तरांवरून व चुकांवरून आत काय घडत असावे याचा अंदाज बांधतात.

असा एक प्रयोग अमेरिकेतील हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना त्यांनी दोन उतारे दिले. एक उतारा दोनदा वाचायचा. दुसरा एकदाच वाचायचा आणि मग, तो न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी ज्यांची परीक्षा घेतली, त्यांना दोनदा वाचलेल्यापैकी ८१ टक्के आठवले, लिहून काढलेल्यापैकी ७५ टक्के. म्हणजे वाचनच सरस! पण ज्यांची परीक्षा आठवड्याने घेतली, त्यांच्या बाबतीत पारडे फिरले. दोनदा वाचलेल्यापैकी ४२ टक्केच उरले. लिहून काढलेल्यापैकी ५६ टक्के.

असे का व्हावे? पाहुण्यांच्या गावी कोणाच्या मागोमाग बाजारात गेलात, तर वाट ओळखीची वाटते. एकट्याने जायची वेळ आली की मात्र वळण चुकते. पुस्तक समोर असताना मजकूर फक्त ओळखायचा असतो. परीक्षेत तो मनातून शोधून काढावा लागतो. शोधण्याचा सराव शोधूनच होतो.

गंमत म्हणजे, पुढच्या प्रयोगात चार वेळा वाचणाऱ्यांनाच अधिक आठवण्याची खात्री वाटत होती. प्रत्यक्षात एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे गेले!

तुम्हीही करून पाहा. सारख्या लांबीचे दोन नवे धडे घ्या. एक दोनदा वाचा. दुसरा एकदा वाचून, पुस्तक मिटून, लिहून काढा. आठवड्याने दोन्ही आठवून लिहा आणि पुस्तकाशी ताडून मुद्दे मोजा. ‘येते’ असे वाटणे आणि खरोखर येणे यांतला फरक तुमच्याच वहीत दिसेल.